तार निवडताना

(व्याख्यानमालेतील भाषणाचे लेखरूप)



गिटार घेताना आपण लाकडाची, कंपनीची, पिकअपची कसून चौकशी करतो आणि तारा मात्र दुकानदार देईल त्या घरी आणतो. सूर जन्माला येतो तो तारेत. लाकूड आणि पिकअप त्याला पुढे नेतात. म्हणून तार निवडताना आधी आपला हात पाहावा, मग वाद्य, मग आपण वाजवतो ते संगीत. एखाद्या थोर वादकाने कोणती तार लावली, हा विचार त्यानंतरचा.

तारेचा गेज इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. इलेक्ट्रिक गिटारचा ‘दहाचा सेट’ म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०१० इंच आणि खर्जाची बहुधा ०.०४६ इंच. स्टीलच्या तारांच्या ॲकॉस्टिकला बारा-त्रेपन्नचा सेट सर्रास लागतो, तर चार तारांच्या बासला पंचेचाळीस ते शंभर किंवा एकशे पाच. यामागचे गणित फ्रान्समधल्या मारें मेर्सेन या धर्मोपदेशकाने १६३६ मध्ये ग्रंथात मांडले. धातू, लांबी आणि सूर तोच ठेवून तारेची जाडी दुप्पट केली, की ताण चौपट लागतो. नऊच्या सेटवरून दहाच्या सेटवर गेलात, तर वरच्या तारेची जाडी वाढते फक्त एक हजारांश इंच. पण फेंडरच्या ६४८ मिलिमीटर तारलांबीच्या गिटारवर त्या एका तारेचा ताण सुमारे ५.९ किलोवरून ७.३ किलोवर जातो. तार ओढून स्वर चढवणाऱ्या बोटाला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. गिब्सनची तारलांबी थोडी कमी, साधारण ६२८ मिलिमीटर. म्हणून तोच सेट तिथे सहा टक्के सैल लागतो.

आता दोन वादक पाहा. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात काम करताना टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे पडद्यांवर चालणारा हात तोच. त्याने बोटांना टोपणे केली आणि मिळतील तितक्या बारीक तारा लावल्या. पुढे १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या अल्बमपासून त्याने बऱ्याच गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. असे उतरवल्याने ताण जवळजवळ तीस टक्के घटतो. टेक्सासच्या स्टीव्ही रे व्हॉनने मात्र वरची तार तेराची लावली आणि गिटार अर्धा स्वर उतरवली. एकाची तार बारीक, दुसऱ्याची जाड. पण दोघांनीही आपल्या हाताशी प्रामाणिक राहून तार निवडली. व्हॉनच्या तेराच्या तारा लावून कुणाला व्हॉन होता येत नाही, आणि आयोमीचा आवाज ऐकून बारीक तारेला कुणी कमकुवत म्हणू नये.

खर्जाच्या तारांवर गुंडाळी का असते? बासची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. इतका खालचा सूर साध्या, सलग तारेतून काढायचा तर ती इतकी जाड घ्यावी लागेल, की सळईसारखी ताठ होईल आणि तिचे वरचे स्वरांश चढू लागतील. म्हणून आत बारीक पोलादी गाभा आणि वर धातूची गुंडाळी, म्हणजे वजन वाढते आणि लवचीकपणा टिकतो.

या गुंडाळीच्या आकारावर बासचा सारा रंग अवलंबून असतो. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमरसन आपल्या फेंडर प्रिसिजन बासवर चपट्या पट्टीच्या गुंडाळीच्या जाड तारा लावायचा आणि तुटल्याशिवाय त्या बदलत नसे. त्यातून मऊ, गोलसर, गाण्याला खालून उचलून धरणारा सूर निघायचा. ‘द हू’ या रॉक बँडच्या जॉन एंटविसलला खालच्या तारेत पियानोची खणखण हवी होती. इंग्लंडच्या रोटोसाउंड कंपनीबरोबर काम करून १९६६ मध्ये त्याने गोल तारेच्या गुंडाळीच्या बास-तारा घडवून घेतल्या. आजचा बहुतेक रॉक बास त्याच वाटेने चालतो.

धातूचेही तसेच. निकेलचा मुलामा दिलेले पोलाद इलेक्ट्रिक गिटारला सर्वाधिक चालते. शुद्ध निकेल थोडे मऊ बोलते. स्टेनलेस स्टील सर्वांत चमकदार. घामाला दाद देत नाही, पण फ्रेट लवकर झिजवते. ॲकॉस्टिकसाठी ८० टक्के तांबे व २० टक्के जस्ताची गुंडाळी नवी असताना लख्ख वाजते आणि घामाने लवकर मंदावते. फॉस्फर ब्राँझ अधिक उबदार वाजते आणि जास्त टिकते. मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत पातळ थराने झाकलेल्या तारा महाग असल्या तरी परवडतात. तार उतरायला आली का, हे पाहायचे तर तारेच्या खालच्या अंगाला नख फिरवा. फ्रेटच्या जागी खाचा लागल्या, की तिचा सूर डळमळू लागलाच म्हणून समजा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. दुसऱ्या महायुद्धात आतड्याच्या तारांचा माल शस्त्रक्रियेच्या टाक्यांकडे वळला, तेव्हा न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीनने नायलॉनच्या तारा घडवल्या आणि क्लासिकल गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियाने त्या आपल्याशा केल्या. क्लासिकल गिटार आजही अशाच तारांसाठी बांधतात. त्या सहा तारांचा एकूण ताण साधारण ४० किलो. बारा-त्रेपन्नच्या स्टीलचा ७० किलोहून अधिक. क्लासिकल गिटारवर स्टील चढवले, की ब्रिज उखडतो, मान वाकते. पालकांनी मुलाची गिटार कोणती आहे, हे पाहूनच तारा आणाव्यात.

शिक्षकांना माझी विनंती आहे. पहिल्या दिवशी लहान मुलाच्या हाती बाराच्या तारा देऊन ‘बोटे कडक होतील’ म्हणू नका. स्टीलच्या ॲकॉस्टिकवर दहाचा सेट लावा, नट आणि ब्रिजची उंची नीट करून घ्या. मुलगा रमला, की मग गेज वाढवायचा का, ते त्याच्या कानाला विचारा. गेज बदलला, तर मान आणि सुरांची जुळणी पुन्हा तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला, गेज किंवा धातू, आणि कोणता सेट कधी लावला ते वहीत टिपून ठेवा. चार सेट असे ऐकून लावलेत, की पाचवा तुम्हाला दुकानदाराला विचारावा लागणार नाही.