शाळेची सरासरी कशी वाचावी?

४ डिसेंबर २०२४ रोजी देशभरातल्या निवडक शाळांत तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांची चाचणी झाली. तेच परख राष्ट्रीय सर्वेक्षण. यात कुणी पास-नापास होत नाही, मुलाच्या हाती गुणपत्रिकाही येत नाही. भाषा, गणितातल्या कोणत्या क्षमता किती मुलांना जमल्या, याचं जिल्हावार चित्र मिळतं.

जिल्ह्याचं चित्र अनेक शाळांतल्या मुलांवरून बनतं; एखाद्याच प्राथमिक शाळेच्या चाचणीची सरासरी मात्र जपून वाचावी. वर्गात दहाच मुलं असतील, तर दोघं गैरहजर राहिली तरी आकडा हलतो. म्हणून पालकसभेत शाळेचा क्रमांक नंतर विचारा. हातच्याची वजाबाकी कुठे अडते, वाचलेल्या उताऱ्याचा अर्थ लागतो का, हे गुरुजींना आणि बाईंना आधी विचारा.