त्रैराशिक कुठे लावावे?

(शाळेच्या हीरकमहोत्सवानिमित्त बंगळूरस्थित माजी विद्यार्थ्यांनी हेब्बाळ येथे भरविलेल्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



हीरकमहोत्सवात माजी विद्यार्थ्याने आठवणी सांगाव्यात अशी प्रथा आहे. मीही आठवणीनेच आरंभ करतो. मात्र पुढे तुम्हांला हिशेबाच्या वाटेने नेणार आहे. कारण या हेब्बाळ परिसरात राहून मी आयुष्यभर जो व्यवसाय केला, तो मालाच्या विक्रीचे अंदाज बांधण्याचा आणि इतरांनी बांधलेले अंदाज तपासण्याचा.

सहावीत आम्ही त्रैराशिक शिकत होतो. पाच वह्यांची किंमत दिली की बारा वह्यांची काढायची, ही कला आम्हांला नुकतीच साधली होती आणि तिचा थोडा गर्वही झाला होता. एके दिवशी गुरुजींनी विचारले, "एक आंबा आढीत पिकायला चार दिवस लागतात, तर दहा आंबे पिकायला किती?" साऱ्या वर्गाने एका सुरात उत्तर दिले, "चाळीस!" गुरुजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ते म्हणाले, "गुणाकार बरोबर आहे. पण इथे गुणाकार करायचा, हे तुम्हांला सांगितले कोणी?"

या प्रश्नाची किंमत मला पुढे वीस वर्षांनी कळली. तेव्हा मी घरगुती पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकणाऱ्या एका लहान कंपनीत होतो. नवे यंत्र बाजारात आले. पहिल्या महिन्यात ४०० गेली, दुसऱ्या महिन्यात ६००, तिसऱ्यात ९००. दरमहा दीडपट! मी ही दीडपट पुढे चालवली, तेव्हा बाराव्या महिन्याची विक्री साडेचौतीस हजारांच्या घरात गेली. तो आकडा मलाही जड वाटला. म्हणून 'सावधगिरी' म्हणून मी त्याचा चौथा हिस्सा धरला आणि आपण फार संयमी आहोत, अशी स्वतःची समजूत घातली. त्या कागदावर विसंबून गोदाम भाड्याने घेतले गेले, माल मागवला गेला आणि चौदा तरुण कामावर घेतले गेले.

गुणाकारात चूक नव्हती. चूक होती ती मी न विचारलेल्या प्रश्नांत. ते तीन महिने मार्च, एप्रिल आणि मे होते. उन्हाळ्यात उत्तर बंगळूरच्या वसाहती टँकरच्या पाण्यावर काढतात. अशा दिवसांत पाणी शुद्ध करण्याचे यंत्र घ्यावे असे कोणालाही वाटेल. दुसरे असे की, मी ज्याला विक्री म्हणत होतो तो कंपनीतून विक्रेत्यांच्या दुकानांत गेलेला माल होता. नवी वस्तू आली की प्रत्येक दुकानदार मांडणीपुरते नग ठेवतोच. त्या १,९०० यंत्रांपैकी निम्मीसुद्धा घरोघरी पोचली नव्हती. पाऊस सुरू झाला, दुकाने भरलेलीच राहिली आणि मागणी थांबली. दिवाळीच्या आधी त्या चौदा तरुणांना निरोप द्यावा लागला. त्यांतल्या एकाने मला विचारले, "सर, आमचं काय चुकलं?" त्याचे काहीच चुकले नव्हते. माझ्या आलेखातील एका रेषेचा दंड तो भरत होता.

असे लहान कंपनीतच घडते, असे नाही. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात टाटा मोटर्सने नॅनो ही एक लाख रुपयांची मोटार सादर केली. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या अभियंत्यांनी साधलेली ती कामगिरी अभियांत्रिकीच्या दृष्टीने निःसंशय मोठी होती. त्या सुमारास देशात वर्षाला सत्तर लाखांहून अधिक दुचाकी विकल्या जात. स्कूटरवरून जाणारे चौघांचे कुटुंब आता मोटारीत बसेल, हा विचार जितका हृद्य तितकाच पटणारा होता. क्रिसिल या मानांकन संस्थेने नॅनोमुळे देशातील मोटारींची बाजारपेठ ६५ टक्क्यांनी विस्तारू शकेल, असे म्हटले. एप्रिल २००९ मध्ये नोंदणी सुरू झाली, तेव्हा पैसे भरून दोन लाखांहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या क्षमतेने उभा राहिला.

प्रत्यक्षात सर्वाधिक विक्रीच्या वर्षी, म्हणजे २०११-१२ मध्ये, सुमारे ७४ हजार गाड्या खपल्या. नोव्हेंबर २०१० या महिन्यात तर केवळ ५०९ विकल्या गेल्या होत्या. जून २०१८ मध्ये कारखान्यातून एकच गाडी बाहेर पडली आणि पुढे उत्पादन थांबले.

याला कारणे अनेक होती. सिंगूरहून प्रकल्प हलवावा लागल्याने वेळ गेला. काही गाड्यांनी पेट घेतल्याच्या बातम्यांनी ग्राहक बिचकला. सारा दोष अंदाजाच्या माथी मारणे हा अन्याय होईल. तरीही त्या काळी सर्वत्र मांडल्या गेलेल्या तर्कातील दोन कच्चे दुवे आज स्पष्ट दिसतात. पहिला दुवा असा की, किंमत उतरली म्हणजे इतक्या कुटुंबांना मोटार परवडेल, आणि परवडेल म्हणजे ती घेतील. परंतु ऐपत आणि इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मध्यमवर्गीय माणूस मोटार घेतो तेव्हा प्रवासाच्या सोयीबरोबर चारचौघांतली प्रतिष्ठाही घेतो. सर्वांत स्वस्त गाडीचा धनी म्हणवून घ्यायला तो कचरतो. स्वस्त गाडी अशी झालेली ओळख ही चूक ठरली, हे पुढे रतन टाटा यांनीही मान्य केले. दुसरा दुवा नोंदणीच्या आकड्याचा. दोन लाख नावे ही वर्षभराच्या कुतूहलाची साठवण होती. टाकी भरलेली दिसली, म्हणून तिच्यामागचा झरा तेवढाच मोठा आहे असे ठरत नाही. माझ्या दुकानदारांच्या बाबतीत मी नेमके हेच विसरलो होतो.

यावर कोणी म्हणेल, अंदाज कमीच धरावा, म्हणजे फसगत होणार नाही. तसे म्हणणाऱ्याने या सभागृहातून बाहेर पडून आपल्या हेब्बाळच्या उड्डाणपुलावर सायंकाळी सहा वाजता उभे राहावे. हा पूल २००३ साली वाहतुकीस खुला झाला, तेव्हा त्याच्या विस्ताराचे केवढे कौतुक होते! मे २००८ मध्ये विमानतळ देवनहळ्ळीला गेला, वाटेवर कार्यालयांची संकुले उभी राहिली आणि रस्त्याचा स्वभावच पालटला. त्या विमानतळाचा मूळ आराखडा वर्षाला ४५ लाख प्रवाशांचा होता. बांधकाम चालू असतानाच तो बदलून क्षमता एक कोटीच्या पुढे न्यावी लागली. येथे अंदाज तोकडा पडला. जादा अंदाजाने माल गोदामात पडून राहतो, तोकड्या अंदाजाने माणसे रस्त्यावर ताटकळतात. सावधगिरी म्हणून आकडा निम्मा करणे हाही विचार नव्हे. माझा चौथा हिस्सा याची साक्ष देईल.

मग अंदाज तपासावा कसा? माझ्यापुरते मी पाच प्रश्न ठरवले आहेत. हा आकडा नेमका कशाचा आहे: कारखान्यातून निघालेल्या मालाचा, की घरात पोचलेल्या मालाचा? तो कोणत्या ऋतूतला आणि किती काळाचा आहे? वाढ किंवा घट झाली तिचे कारण काय, आणि ते कारण पुढेही टिकेल का? हा अंदाज खरा मानला जाण्यात कोणाचा लाभ आहे? आणि शेवटचा, सर्वांत अवघड प्रश्न: काय घडले म्हणजे हा अंदाज चुकला असे आपण कबूल करू? ज्याला या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्याच्यापाशी अंदाज नसतो; त्याच्यापाशी इच्छा असते.

मंडळी, हे सारे मी आज येथे का बोलतो आहे? सकाळी मुख्याध्यापकांनी एक कागद मला दाखवला. त्यावर गेल्या सहा वर्षांतील पहिलीच्या प्रवेशाचे आकडे आहेत. ते उतरते आहेत. कोणीतरी त्यांवरून एक सरळ रेष ओढली आहे आणि ती आणखी आठ वर्षांनी शून्याला टेकते. त्या रेषेच्या आधारे मराठी माध्यमाची एक तुकडी आताच बंद करावी, अशी सूचना संस्थेपुढे आहे.

माझ्या मनाने तत्काळ प्रतिकार केला. साठ वर्षे चाललेली शाळा, ती अशी कशी संपेल? आणि लगेच गुरुजी आठवले. साठ वर्षे चालली म्हणून आणखी साठ वर्षे चालेल, हेही त्रैराशिकच! प्रेमापोटी केलेला चुकीचा गुणाकार चुकीचाच असतो. म्हणून या कागदालाही तेच पाच प्रश्न विचारू या. घटलेली मुले दुसऱ्या माध्यमात गेली, की आपल्या पेठेतली तरुण कुटुंबेच गाव सोडून बंगळूरला आणि पुण्याला गेली? आपणच त्या कुटुंबांपैकी आहोत, हे विसरू नये. जवळची बालवाडी बंद पडली, त्यानंतरच घट झाली का? तसे असेल, तर बालवाडी सुरू केल्यावर काय होईल? या प्रश्नांची उत्तरे त्या रेषेत नाहीत. ती घरोघरी जाऊन विचारावी लागतील.

माझी विनंती एवढीच आहे. तुकडीचा निर्णय येत्या वर्षापुरता थांबवावा. शाळेच्या भोवतालच्या वस्त्यांत तीन ते सहा वर्षांची किती मुले आहेत, त्यांचे आईवडील शाळेकडून काय अपेक्षितात, याची नोंद आपण माजी विद्यार्थ्यांनी करावी. मी स्वतः दिवाळीच्या सुटीत पंधरा दिवस त्यासाठी देतो; आणखी दहा जण हवे आहेत. आलेली उत्तरे आपल्याला नकोशी असली, तरी ती जशीच्या तशी संस्थेपुढे ठेवू, हे वचन मात्र आधीच द्यावे लागेल.

नावनोंदणीची वही दाराजवळच्या मेजावर ठेवली आहे. पहिले नाव मी लिहिले आहे.