वापर, व्यय आणि अपव्यय



एखादा मोठा कारखाना किती पाणी ‘पितो’, असे आपण सहज बोलून जातो. हा शब्दप्रयोग थोडा फसवा आहे. कारखाना जे पाणी घेतो, त्यातले फारच थोडे त्याच्या पोटात राहते; बाकीचे तापून किंवा मळून बाहेर पडते. म्हणून आरंभीच तीन शब्द वेगळे करून घेणे इष्ट ठरेल. कारखान्यात जेवढे पाणी कामास लावले जाते, तो त्याचा वापर. त्यातले जे वाफ होऊन उडून जाते अथवा मालात सामावते, तो व्यय. आणि जे पुन्हा कामास येण्याजोगे असूनही बाहेर सोडले जाते, तो अपव्यय.

पोलादाचे उदाहरण घेऊ. पोलादाच्या कारखान्यात पाण्याचे मुख्य काम म्हणजे भट्ट्या आणि यंत्रे थंड राखणे. नदीचे पाणी एका बाजूने घ्यावे, तप्त यंत्रांमधून एकवार फिरवावे आणि कोमट झाले की दुसऱ्या बाजूने सोडून द्यावे, अशी जुनी रीत होती. या रीतीने एक टन पोलादामागे सुमारे अडीच लाख लिटर पाणी लागते, असा विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील सर्वसाधारण हिशेब होता.

त्याच देशात, कॅलिफोर्नियातील फाँटाना येथे, 1942 साली कैसर कंपनीचा पोलाद कारखाना उभा राहिला. जागा समुद्रकिनाऱ्यापासून आत, कोरड्या प्रदेशात होती. मोठी नदी हाताशी नव्हती. तेथे टनामागे सुमारे सहा हजार लिटर पाण्यात काम भागू लागले. पोलाद तेच, पाणी मात्र चाळिसावा हिस्सा.

हे साधले कसे? यात चमत्कार काहीच नाही. तापलेले पाणी उंच मनोऱ्यातून वाऱ्यात शिंपडले की त्यातील थोड्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ उरलेल्याची उष्णता घेऊन जाते. शंभर लिटर पाणी दहा अंश सेल्सिअसने थंड करण्यास त्यातील जेमतेम दोन लिटर खर्ची पडतात; अठ्ठ्याण्णव लिटर परत कामावर रुजू होतात. शिवाय प्रत्येक कामाला सारखेच निर्मळ पाणी लागत नाही. एका विभागातून निघालेले पाणी कमी चोखंदळ अशा दुसऱ्या विभागाला चालते, आणि अखेरीस तप्त मळी विझविण्याच्या कामी येते. घरात भाजी धुतलेले पाणी गृहिणी तुळशीला घालते, त्याच जातीचा हा विचार आहे.

टाकाऊ पदार्थांनाही हाच नियम लागू पडतो. झोतभट्टीची वितळलेली मळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने एकदम थंड केली, तर तिचे वाळूसारखे कण होतात आणि ते दळून सिमेंटमध्ये मिसळता येतात. लाटण यंत्रांच्या पाण्याबरोबर वाहून येणारे लोखंडाचे पापुद्रे खाली बसू दिले, तर ते पुन्हा भट्टीत घालता येतात. पाणी अडवले की त्यातला मालही हाती लागतो.

आता दुसरे उदाहरण. बाल्टिमोरजवळील स्पॅरोज पॉइंट येथे बेथलहेम कंपनीचा विशाल कारखाना खाडीच्या काठी होता. विहिरींतून बेसुमार उपसा झाल्याने जमिनीत खारे पाणी शिरले आणि विहिरी निकामी होऊ लागल्या. तेव्हा, 1942 मध्येच, कंपनीने शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी थंडाव्यासाठी घेण्यास आरंभ केला. एबल वोल्मन या अभियंत्याचा त्या योजनेत मोठा वाटा होता. दोन्ही कारखान्यांचे पोलाद आता इतिहासजमा झाले आहे. फाँटानाचे 1983 मध्ये, स्पॅरोज पॉइंटचे 2012 मध्ये. रीत मात्र टिकली. आपल्याकडे चेन्नईजवळील मणली येथील मोठ्या कारखान्यांनीही शहराच्या सांडपाण्याचा असाच उपयोग करून घेतला आहे.

परंतु या कथांतील एक गोष्ट मनाला टोचल्यावाचून राहत नाही. एकाने काटकसर केली ती नदी नव्हती म्हणून, दुसऱ्याने केली ती विहिरी खारावल्या म्हणून. विद्या आधीपासून उपलब्ध होती. निकड मात्र उशिरा आली. आपल्या देशात 1974 साली जलप्रदूषणाचा कायदा झाला आणि 1977 साली कारखान्यांच्या पाण्यावर उपकर बसला. तो उपकर 2017 मध्ये रद्द झाला. कर असो वा नसो, पाण्याला मोजमाप लागले नाही तर त्याची किंमत कोणी ओळखत नाही, हे त्यामागचे तत्त्व मात्र रद्द होण्यासारखे नाही.

शेवटी एक सावधगिरीची सूचना. फिरवून वापरलेल्या पाण्यात क्षार साठत जातात, म्हणून त्यातले काही अधूनमधून बाहेर काढावेच लागते. ते कोठे जाते हे विचारले पाहिजे. तसेच मनोऱ्यातून उडालेली वाफ नदीला परत मिळत नाही. म्हणजे अपव्यय घटला तरी व्यय घटतोच असे नाही. कधी तो किंचित वाढतोही. म्हणून एखादी कंपनी ‘आम्ही इतके पाणी वाचविले’ असे सांगेल, तेव्हा आपण नम्रपणे विचारावे : वाचविले ते या तिन्हींपैकी नेमके कोणते? नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या शेतकऱ्याचा घास या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतो.