सातच्या आकड्यामागची माणसं



'एचबीएवनसी सातच्या आत ठेवा', हे वाक्य मधुमेहाच्या घरात पाठ झालेलं असतं. वय, प्रकृती पाहून डॉक्टर तो आकडा थोडा वरखाली करतात. पण हा सात आला कुठून?

1980च्या सुमारास डॉक्टरांमध्येच दुमत होतं. इन्सुलिनवर टाइप वन मधुमेहाचा रुग्ण जगायचा, पण पुढे डोळे आणि मूत्रपिंडं दगा द्यायची. साखर काटेकोर ठेवली तर हे टळेल, असं काहींचं म्हणणं. काहींना ते पटत नव्हतं. घरी साखर मोजायचं यंत्र आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी हाताशी आली, तेव्हा कुठे या वादाचा निकाल लावता येणार होता.

1983 साली अमेरिका-कॅनडात 'डीसीसीटी' हा अभ्यास सुरू झाला. टाइप वनचे 1,441 स्वयंसेवक, वयं 13 ते 39. कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठी टाकावी तसं ठरलं. एका गटाला दिवसाला एक-दोन इंजेक्शनं, म्हणजे तेव्हाचे नेहमीचे उपचार. दुसऱ्याला तीन किंवा अधिक इंजेक्शनं नाहीतर पंप, रोज निदान चारदा बोट टोचणं, शिवाय आठवड्यातून एकदा पहाटे तीनला उठून पुन्हा टोचायचं. शाळकरी वयाची मुलंही त्यात होती. वर्षानुवर्षं हे चाललं आणि जवळजवळ कुणीच मध्येच सोडून गेलं नाही!

फरक इतका स्पष्ट दिसला, की 1993 साली अभ्यास वेळेआधीच थांबवला. काटेकोर गटाची सरासरी सातच्या आसपास होती; आपला सात आला तो इथून. सुरुवातीला डोळे निकोप असलेल्यांमध्ये दृष्टिपटलाचा विकार 76 टक्क्यांनी कमी झाला. मात्र साखर धोकादायक खाली जाण्याचे प्रसंग तिप्पट झाले. आज दंडावरचा सेन्सर साखर घसरताना फोनवर इशारा देतो, तो याच दुखण्यावरचा इलाज आहे.

मला विशेष ऋण वाटतं ते नेहमीच्या उपचारांच्या गटातल्या 730 जणांचं. त्यांची सरासरी नऊच्या घरात राहिली. दर सहा महिन्यांनी त्यांच्या डोळ्यांचे फोटो निघत, आणि त्या फोटोंत बिघडत गेलेल्या रक्तवाहिन्या हाच पुरावा ठरला. कोणता गट नशीबवान, हे आधी खरंच कुणाला ठाऊक नव्हतं. निकालानंतर त्यांनाही काटेकोर उपचार शिकवले गेले.

पुढे दोन्ही गटांची साखर सारखीच, आठच्या आसपास आली. तरी काटेकोर गट वर्षानुवर्षं सरसच राहिला. 2005 साली कळलं, की त्यांच्यात हृदयविकारासारखे प्रसंगही 42 टक्क्यांनी कमी होते. सुरुवातीची वर्षं शरीर विसरत नाही. म्हणून टाइप वन झालेल्या मुलाच्या घरी 'आत्ताच इतक्या सुया कशाला, मोठा झाला की बघू' असं कुणी म्हणालं, तर त्यांना या 1,441 जणांबद्दल जरूर सांगा.