छपराखालची हॉकी

धार जिल्ह्यातील बाग हे गाव लेण्यांतील भित्तिचित्रांसाठी आणि लाकडी ठशांनी छापलेल्या कापडासाठी प्रसिद्ध आहे. विंध्याच्या उतरणीवरील अशा डोंगराळ मुलखात हॉकीसाठी ९१.४० मीटर लांब व ५५ मीटर रुंद असे सपाट मैदान सिद्ध करणे ही सोपी गोष्ट नव्हे. वर माळव्याच्या पठारावर सपाटी आहे खरी. परंतु पावसाळ्यात तेथील काळी माती पायाला चिकटू लागली की चेंडू जागच्या जागी रुततो. मग खेळणाऱ्या मुलांनी चार महिने काठ्या कोपऱ्यात टेकून ठेवाव्यात काय?

नेमका हाच प्रश्न युरोपातील खेळाडूंना पडला होता. तेथे अडचण बर्फाची होती. त्यातून विसाव्या शतकाच्या मध्यास, विशेषतः जर्मनीत, हॉकी छपराखाली आली आणि तिला स्वतंत्र रूप लाभले. या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा २००३ साली लाइपझिग येथे झाली.

या खेळाचे अंगण लहान असते : लांबी ३६ ते ४४ मीटर व रुंदी १८ ते २२ मीटर. ४० मीटर लांब व २० मीटर रुंद अंगणाचे क्षेत्रफळ ८०० चौरस मीटर भरते. म्हणजे एका मोठ्या मैदानाचे क्षेत्रफळ अशा अंगणाच्या सहापटीहून थोडे अधिक भरते. प्रत्येक पक्षात अकरांऐवजी सहा खेळाडू असतात, गोलरक्षक धरून. संघ मात्र बारा जणांचा असतो, आणि चालू खेळात गडी कितीही वेळा बदलता येतो. प्रत्येकी दहा मिनिटांच्या चार भागांत सामना संपतो.

अंगणाच्या दोन्ही लांब बाजूंना सुमारे दहा सेंटिमीटर उंचीच्या लाकडी फळ्या बसविलेल्या असतात. याच फळ्या खेळाचा रंग बदलतात. चेंडू तेथे आदळून परत येतो, म्हणून खेळ थांबत नाही. कुशल खेळाडू प्रतिपक्षाला चुकविण्यासाठी चेंडू मुद्दाम फळीवर सोडतो आणि पलीकडे उभ्या असलेल्या सोबत्याकडे पोहोचवितो. कॅरमच्या पटावर कडेचा आधार घेऊन सोंगटी काढणाऱ्यास ही युक्ती निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा. येथे काठी उगारून चेंडू टोलवता येत नाही; तो ढकलावा लागतो, किंवा काठी तिरपी धरून त्याची दिशा बदलावी लागते. चेंडू जमिनीलगतच राहिला पाहिजे. गोलसमोरच्या अर्धवर्तुळातून गोलावर मारताना तेवढा तो उचलण्याची मुभा आहे. अरुंद जागेत हा नियम नसता तर खेळाडूंची हाडे शाबूत राहती ना. त्यामुळे दंडाच्या बळापेक्षा मनगटाची सफाई आणि सोबत्याची जागा ओळखण्याची नजर यांना मोल येते.

गोलरक्षकाची मात्र खरी कसोटी लागते. गोल तीन मीटर रुंद व दोन मीटर उंच, म्हणजे मैदानी गोलाहून काहीसा लहान. परंतु अर्धवर्तुळाची त्रिज्या अवघी नऊ मीटर. चेंडू कोठून येणार हे कळेपर्यंत तो येऊन ठेपलेला असतो.

गोलरक्षकाचे नाव निघाले म्हणजे माळव्याला महूचे शंकर लक्ष्मण आठवतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीतील या सैनिकाने १९५६ व १९६४ ची सुवर्णपदके आणि १९६० चे रौप्यपदक मिळविणाऱ्या भारतीय संघांचा गोल सांभाळला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतावर एकही गोल झाला नाही. १९४८ साली लंडनला भारताचे नेतृत्व करणारे किशनलालही महूचेच. हे खेळाडू माती आणि गवत यांवर घडले.

पुढे १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये कृत्रिम गवत आले आणि भारत सातव्या स्थानावर गेला. पराभवाची कारणे अनेक असतील. पण ते महागडे गवत लहान गावांच्या आवाक्याबाहेरचे होते, यात शंका नाही. ज्या गावांनी खेळाडू द्यावेत, त्यांच्याच दारातून खेळ दूर गेला.

छपराखालची हॉकी त्यावर संपूर्ण उतारा नव्हे. लाकडी तक्तपोशीचे सभागृह हेही खर्चाचेच काम. परंतु तिचे नियम सभागृहावाचून शिकता येतात. शाळेचे फरसबंद अंगण, कडेला लाकडाच्या चार फळ्या, दोन लहान गोल आणि बारा मुले एवढ्यावर सराव सुरू होऊ शकतो. अंगणावर पत्र्याचे छप्पर असले तर आषाढातही तो थांबणार नाही. अकरा गड्यांचा संघ जमविणे ज्या गावाला जड जाते, तेथे सहा जण सहज जमतात. आणि गडी थोडे असल्यामुळे प्रत्येकाच्या काठीला चेंडू वारंवार लागतो.

मोठे मैदान आज बागसारख्या प्रत्येक गावाला मिळेलच असे नाही. परंतु मुलाच्या हातातील काठी मैदानाची वाट पाहत वाळवी लागेपर्यंत पडून राहू नये, एवढी व्यवस्था या लहान अंगणाने खचित होऊ शकेल.