दुपट्टा कोणाला ‘आवश्यक’?

मैत्रिणींनो, माझा गणवेशाला विरोध नाही. अंगावर खाकी असली की कंडक्टर बाईशी हुज्जत घालणाराही जरा आवाज खाली आणतो. पण पांढऱ्या साडीत पाळीचे दिवस कसे काढले, हे एखाद्या जुन्या नर्सबाईंना विचारा. तो रंग ठरवताना त्यांना कोणी विचारलं होतं?

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने कर्मचाऱ्यांच्या पोशाखाचे नियम काढले. जीन्स, टी-शर्ट नको, स्लिपर नको, शुक्रवारी खादी. बायकांनी साडी, सलवार-कुर्ता किंवा पँटवर कुर्ता वा शर्ट, आणि ‘आवश्यक असल्यास’ दुपट्टा. आवश्यक आहे हे ठरवणार कोण? साहेबांची नजर? जीन्सवरची बंदी मार्च २०२१ मध्ये उठली. दुपट्ट्यावर आपणही फारशा बोललो नाही. मग मार्च २०२४ मध्ये शिक्षकांची पाळी आली. पहिलीच्या पोरांमागे दिवसभर धावायचं, खांद्यावरची ओढणी सांभाळत!

म्हणून युनियनच्या बैठकीत साधे प्रश्न विचारा. कापडाचे पैसे कोण देणार? धुलाई भत्ता किती? गरोदरपणी काय घालायचं? खिसा आहे का? आणि हो, मसुदा करणाऱ्या समितीत बायका किती?