लांब पल्ल्याची काठी

वर्धा जिल्ह्याचें नांव निघालें म्हणजे सेवाग्राम, पवनार, मगनवाडी हीं स्थळें डोळ्यांपुढें उभीं राहतात; गोल्फसारखा खर्चिक खेळ कोणास आठवत नाहीं. तरीहि या खेळांतील एका नित्याच्या वादाचें मर्म तेथील शेतकऱ्यास सहज कळेल. कपाशीच्या काळ्या जमिनींत नांगर केव्हां घालावा आणि वखर केव्हां फिरवावा, हें तो जाणतो. नांगर जमिनींत घुसतो. वखर वरच्या थराखालून सरपटत जातो. दोन्हीं औतें चांगलीं. परंतु जमीन, हंगाम आणि बैलांची ताकद पाहिल्यावांचून त्यांची निवड होत नाहीं. गोल्फमधील ‘फेअरवे वूड’ आणि ‘हायब्रिड’ या दोन काठ्यांचा वाद याच जातीचा आहे.

ज्या श्रोत्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडा खुलासा अवश्य आहे. चेंडू शक्य तितक्या कमी फटक्यांत दूरच्या खळगींत घालावयाचा, एवढेंच या खेळाचें सूत्र. पहिला फटका लहानशा खुंटीवर चेंडू ठेवून मारतां येतो. पुढें मात्र चेंडू जेथें पडेल तेथूनच, गवतांतून अथवा उघड्या मातीवरून, उचलावा लागतो. खळगी अजून दोनशें यार्ड दूर आणि चेंडू जमिनीला चिकटलेला, अशा वेळीं कोणती काठी हातीं घ्यावी? बरोबर वाटेल तितक्या काठ्या नेण्याची सोयहि नाहीं. अमेरिकेंत १९३८ सालीं आणि सेंट अँड्र्यूजच्या नियमकर्त्यांनीं १९३९ सालीं चौदांची मर्यादा घातली. एक काठी पिशवींत आली म्हणजे दुसरीस बाहेर राहावें लागतें.

‘वूड’ म्हणजे लांकूड. पूर्वी या काठीचें डोकें खरोखरच लांकडाचें, बहुधा पर्सिमन या अमेरिकन झाडाचें असे. विदर्भांत विडीसाठीं ज्याचीं पानें खुडतात तो तेंदू याच झाडाचा भाऊबंद होय. १९७९ नंतर धातूचीं डोकीं प्रचारांत आलीं आणि लांकूड केवळ नांवापुरतें उरलें. या काठीचें डोकें मोठें, मागें फुगीर, तळ रुंद आणि दांडा लांब, सुमारें ४२ ते ४३ इंच असतो. दांडा लांब म्हणून डोक्याचा वेग अधिक. वजन खालीं आणि मागें म्हणून चेंडू उंच उडतो. मात्र फटका वखरासारखा, जमिनीला घांसून गेला पाहिजे.

हायब्रिड ही अलीकडची काठी. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं ती सर्वत्र पसरली. दोन, तीन, चार या क्रमांकांच्या लांब पल्ल्याच्या लोखंडी काठ्या, ज्यांस ‘आयर्न’ म्हणतात, त्या सामान्य खेळाडूच्या हातीं वळत नसत. त्यांचें पातें पातळ. चेंडू मध्यावर बसला नाहीं कीं हाताला झिणझिण्या येत आणि चेंडू पुढें घरंगळे. तेव्हां कारागिरांनीं वुडाची फुगीर पाठ आणि आयर्नचा आंखूड दांडा यांचा मेळ घातला. वर्ध्यास हा विचार परका नाहीं. भारतानंद या नांवानें ओळखले जाणारे पोलिश अभियंते मॉरिस फ्रिडमन यांनीं रचलेली धनुष-तकली अशीच तकली आणि चरखा यांच्या मधली होती. ज्याला चरखा परवडत नाहीं आणि तकलीचा वेग पुरत नाहीं, त्याच्यासाठीं ती होती. सामान्य माणसाच्या अडचणीकडे पाहून घडविलेलें हत्यार बहुधा असेंच मधलें असतें.

आतां निवडीकडे वळूं. पहिला विचार जमिनीचा. गवत दाट आणि कापलेलें असेल तर चेंडू त्यावर तरंगतो. तेथें वुडाला तोड नाहीं. विदर्भाच्या उन्हाळ्यांत जशी जमीन भाजून निघते तशा टणक, उघड्या जागेवर वुडाचा रुंद तळ आपटून उसळतो आणि चेंडूच्या माथ्यावर बसतो. उलट पावसाळ्यांतील उंच, ओल्या गवतांत मोठ्या डोक्याभोंवतीं पातीं गुंडाळतात. या दोन्हीं ठिकाणीं हायब्रिडचें लहान डोकें वाट काढतें. दुसरा विचार हाताचा. ज्याचा फटका सपाट येतो त्याला वूड मानवतें. जो वरून खालीं मारतो त्यानें हायब्रिड घ्यावें. परंतु ज्याचा चेंडू मुळांतच डावीकडे वळतो अशा उजव्या हाताच्या खेळाडूस हायब्रिड कित्येकदां आणखी डावीकडे नेतें, हेंहि ध्यानांत ठेवावें.

तिसरा विचार अंतराचा. मुखाचा कल सारखाच, समजा १८ अंश, असला तरी वूड हायब्रिडपेक्षां सुमारें दहा यार्ड पुढें जातें. या दहा यार्डांच्या मोहांत पुष्कळजण फसतात. दहांपैकीं दोन फटके दूर गेले हें त्यांस आठवतें. उरलेले आठ कोठें गेले याचा हिशेब ते ठेवीत नाहींत.

थोर खेळाडूंचे दाखलेहि दोन्हीं बाजूंस आहेत. १९३५ सालीं ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धेंत जीन सॅराझेन यानें पंधराव्या खळगीवर चार क्रमांकाच्या वुडानें २३५ यार्डांवरून चेंडू थेट खळगींत घातला आणि पुढें ती स्पर्धा जिंकली. २००९ सालीं अमेरिकेंतील हेझेल्टाइन येथें कोरियाच्या यांग याँग-युन यानें अखेरच्या खळगीवर सुमारें दोनशें यार्डांवरून हायब्रिडनें चेंडू ध्वजाशेजारीं नेला आणि टायगर वूड्सला मागें टाकलें. प्रमुख स्पर्धा जिंकणारा तो आशियांत जन्मलेला पहिला पुरुष ठरला. काठीनें कोणाचा पक्षपात केला नाहीं. दोघांनींहि आपल्या हाताची काठी ओळखली होती.

पुण्याच्या येरवड्याच्या किंवा मुंबईच्या चेंबूरच्या मैदानावर नव्यानें जाणाऱ्या गृहस्थानें म्हणून एवढें करावें. प्रथम आपली सर्वांत लांबची भरंवशाची आयर्न किती यार्ड जाते तें मोजावें. दोन्हीं नव्या काठ्या उसन्या घेऊन प्रत्येकीनें दहा चेंडू खुंटीवरून नव्हे, गवतावरूनच मारावे. आणि सर्वांत चांगला फटका सोडून सर्वांत वाईट तीन फटके कोठें पडले तें पाहावें. जिचे वाईट फटकेहि खेळण्याजोग्या जागीं पडतात ती काठी आपली. बहुतेकांस पांच क्रमांकाचें एक वूड आणि एक-दोन हायब्रिड पुरतात. वयामुळें हात मंदावलेल्या खेळाडूनें सात क्रमांकाचें वूडहि आजमावून पाहावें. त्याचा कल अधिक असल्यानें थोड्या वेगांतहि चेंडू उचलला जातो.

एका काठीस बरीच रक्कम पडते, आणि ती बहुधा घरखर्चांतूनच काढावी लागते. दुसऱ्याच्या पिशवींत पाहून घेतलेली काठी पुढें कोपऱ्यांत धूळ खाते, आणि कित्येकदां तिच्याबरोबर खेळहि सुटतो. शेजाऱ्यानें नांगर घेतला म्हणून वखर मोडींत काढणारा शेतकरी वर्धा जिल्ह्यांत शोधून सांपडावयाचा नाहीं. तेवढा विवेक खेळाच्या मैदानावर नेला म्हणजे पुरे.